नवा राउटर घेण्याआधी केबल ओढून घ्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. परळच्या चाळीतलं दोन खोल्यांचं घर पुनर्विकासाला गेलं आणि आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर मिळालं. इंटरनेट २०० एमबीपीएसचं घेतलंय. जोडणी द्यायला आलेल्या माणसाने दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, डीबीच्या म्हणजे विजेच्या मेन स्विचच्या डब्याच्या शेजारी, इंटरनेटचा डबा ठोकून दिला. हॉलमध्ये सगळं व्यवस्थित चालतं, पण आतल्या बेडरूममध्ये मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो. चाळीत मात्र साधा जुना राउटर दोन्ही खोल्या आणि बाहेरची गॅलरीसुद्धा सांभाळायचा. मग आता सहा अँटेनांचा महागडा राउटर घ्यावा का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी वीसेक वर्षं मुंबईत घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावतोय आणि तुमच्यासारखी तक्रार आली की मी राउटरकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ती भिंत, मग वायर.

भिंतीचं सांगतो, कारण चाळ आणि टॉवर यांतला फरक नेमका तिथेच आहे. चाळीत दोन खोल्यांच्या मध्ये बहुधा लाकडाचं किंवा प्लायचं पार्टिशन असायचं. रेडिओ लहरी त्यातून सहज पार होतात. नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी मिवान पद्धतीचं बांधकाम असतं. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात. विटा नाहीतच. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि त्यांच्या पोटात सळ्यांची जाळी. तुमचं घर तसं आहे का हे ओळखणं सोपं आहे. कॅलेंडरसाठी आतल्या भिंतीवर साधा खिळा ठोकून बघा. तो वाकला आणि हॅमर ड्रिल मागवावं लागलं, की समजा काँक्रीट आहे. अशी एक भिंत ओलांडतानाच सिग्नलचा मोठा भाग खर्च होतो, आणि वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झपेक्षा जास्त खर्च होतो. त्यातून लहर भिंतीला तिरकी लागली तर तिला काँक्रीटमधून आणखी लांबचा रस्ता कापावा लागतो. तुमच्या चपलांच्या कपाटापासून आतल्या बेडरूमपर्यंत मनातल्या मनात एक सरळ दोरी ताणा. वाटेत काय काय येतं? कपाटाचं दार, डीबीचा पत्र्याचा डबा, किचनची भिंत, फ्रिज, बाथरूमची भिंत, कदाचित बाथरूमवरच्या माळ्यावरची पाण्याची टाकी आणि शेवटी बेडरूममधलं लोखंडी कपाट. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. या सगळ्यातून मुलीच्या टॅबपर्यंत जे पोहोचतं त्यावर क्लास चालायला हवा, अशी आपली अपेक्षा.

आता सहा अँटेनांचं. वाय-फाय हे दोघांचं बोलणं आहे. राउटर बोलतो तसं टॅबलाही उत्तर द्यावं लागतं, आणि टॅबमधला ट्रान्समीटर लहान बॅटरीवर चालणारा, कमी ताकदीचा असतो. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून भोंग्यातून हाक मारलीत तर ती घरात ऐकू येईल, पण घरातलं माणूस साध्या आवाजात ‘ओ’ देणार, ती तुमच्यापर्यंत कशी येणार? महाग राउटर घेतला की मोबाइलवर रेंजच्या दांड्या वाढलेल्या दिसतात आणि व्हिडिओ कॉल तसाच अडकतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

तेव्हा उपाय म्हणजे राउटर जिथे माणसं बसतात तिथे आणायचा. तिथपर्यंत इंटरनेट वायरने न्यायचं आणि हवेतून फक्त शेवटचे दहा-पंधरा फूट, जमलं तर मध्ये एकही काँक्रीटची भिंत न येता. दोन बेडरूमच्या घरात ही जागा बहुतेक वेळा पॅसेजमध्ये सापडते, जिथे हॉल संपतो आणि दोन्ही बेडरूमची दारं समोरासमोर येतात. दारं लाकडाची असतात, त्यातून सिग्नल आरामात जातो. राउटर तिथे डोक्याच्या थोडा वर, उघड्यावर लावा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून सुताराकडून त्याच्यासाठी बंद खण करून घेऊ नका. अँटेना उभ्या ठेवा. अशा काठीसारख्या अँटेनाचा सिग्नल तिच्या टोकातून निघत नाही, तिच्या भोवती आडवा पसरतो. टोक बेडरूमच्या दिशेने रोखलंत तर उलट कमी मिळेल.

फायबर ज्या डब्यात येतं त्याला ओएनटी म्हणतात. तो दाराजवळच राहू द्या. फायबरची बारीक वायर तुम्ही स्वतः हलवू नका. ती काचेची असते, कोपऱ्यात दुमडली गेली की आतला प्रकाश गळतो आणि मग ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागून बसतो. ओएनटीपासून पॅसेजपर्यंत ओढायची ती साधी आठ तारांची लॅन केबल, कॅट ६ दर्जाची. ती ओढायला भिंत फोडावी लागेल या भीतीने लोक मागे हटतात. पण नव्या घरांत बिल्डरने टीव्ही आणि टेलिफोनसाठी भिंतीत पाइप आधीच टाकलेले असतात. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये पलंगाशेजारी टेलिफोनचा एक पॉइंट असेल बघा, जो आता कुणीच वापरत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्या पाइपमधून स्प्रिंग घालून केबल ओढायला सांगा. जुनी टेलिफोनची वायर आत असेल तर तिच्याच टोकाला नवी केबल बांधून पलीकडून खेचता येते. एकच अट घाला, विजेच्या वायरी असलेल्या पाइपमधून ही केबल न्यायची नाही. पाइप मिळालाच नाही तर स्कर्टिंगच्या वरून पांढरी पीव्हीसी पट्टी लावून न्या. आठवड्याभरात ती नजरेआड होते.

केबल घेताना लक्ष द्या. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, चांगला मालही मिळतो आणि ‘सीसीए’सुद्धा. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. दिसायला तांबडीच. एक तार सोलून तिच्यावर ब्लेड घासा. आत पांढरट चमक दिसली तर ती घेऊ नका. ती वाकवली की तुटते आणि भिंतीतल्या पाइपमध्ये तुटलेली तार शोधणं कुणाच्याही नशिबी येऊ नये. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायचा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा बसल्या पाहिजेत.

या आठ तारांवर थोडा थांबतो, कारण यात लोकांचे महिनोन्‌महिने पैसे वाया जातात. चेंबूरला एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो होतो. २०० चा प्लॅन, दोनदा राउटर बदललेला, आणि स्पीड टेस्ट कुठेही केली तरी ९३ नाहीतर ९४. कधी ९५ नाही की ७० नाही. आकडा इतका अढळ असला की मी वाय-फायचा विचारच सोडून देतो, कारण हवेतला स्पीड असा एका जागी उभा राहत नाही. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून, म्हणजे केबल खोचायच्या खाचेतून, प्रत्यक्षात जास्तीत जास्त तेवढंच हाती लागतं. त्यांच्या ओएनटीपासून राउटरपर्यंतच्या छोट्या केबलमध्ये चारच तारा बसवल्या होत्या. चार तारांवर १०० पर्यंतच जातं, गिगाबिटसाठी म्हणजे १००० एमबीपीएससाठी आठही लागतात. केबल बदलली आणि काम झालं. सरांनी दर महिन्याला दुप्पट स्पीडचे पैसे भरले होते, ते काही परत आले नाहीत. तुमच्याकडेही आकडा ९४ च्या आसपास खिळला असेल तर केबल बघा आणि राउटरचा पोर्ट गिगाबिट आहे का ते बघा. बाजारात आजही असे राउटर मिळतात ज्यांच्या खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं आणि मागचे पोर्ट मात्र १०० चे असतात.

आता जोडणी. ओएनटीमध्ये बहुतेक वेळा राउटरही असतोच, म्हणजे पत्ते वाटायचं काम तो करतोच आहे. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला एक आतला पत्ता लागतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते वाटणारा घरात एकच असावा. तुम्ही पॅसेजमध्ये दुसरा राउटर लावलात आणि त्यानेही पत्ते वाटायला घेतले, तर कधी प्रिंटर सापडत नाही, कधी टीव्हीवर मोबाइलचं चित्र जात नाही, कधी दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ निघतो आणि सगळंच ठप्प. म्हणून पॅसेजमधल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देईल. त्यासाठी तुमचा चाळीतला जुना राउटरही चालेल, त्याला ५ गिगाहर्ट्झ आणि गिगाबिट पोर्ट असेल तर. लॅपटॉप केबलने त्याला जोडा, ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, आत जाऊन मोड बदला. तसा मोड नसेल तर तीन गोष्टी करा: राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणं बंद करा, आणि ओएनटीकडून येणारी केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) न घालता लॅनच्या पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांच्या) घाला. झाला ॲक्सेस पॉइंट. फक्त ओएनटीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतोय ना, आणि .२ हा त्याच्या वाटपाच्या यादीत नाही ना, ते आधी बघून घ्या.

तुमच्या इमारतीत फायबर नसून केबलवाल्याची लॅन वायर थेट घरात येत असेल, तर वेगळं. तेव्हा राउटरलाच मुख्य काम करावं लागतं. वॅन पोर्टमध्ये वायर घालायची, जोडणीचा प्रकार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने चालणारी जोडणी) निवडायचा आणि केबलवाल्याकडून मिळालेलं युजरनेम-पासवर्ड टाकायचं. काही ठिकाणी केबलवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक, नोंदवून ठेवतात. नवा लावला की नेट येत नाही आणि माणूस समजतो, राउटर खराब निघाला. एक फोन करून नवा मॅक नोंदवायला सांगा.

एक्स्टेंडरबद्दल, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणाऱ्या डब्याबद्दल, विचाराल म्हणून सांगतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतात, त्यामुळे स्पीड जवळजवळ अर्धा होतो. शिवाय लोक ते जिथे रेंज नाही तिथेच लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? मेश, म्हणजे मिळून एकच वाय-फाय देणारे दोन-तीन डबे, चांगला असतो, पण काँक्रीटच्या भिंतीपलीकडे त्याच्या डब्यांनाही एकमेकांशी बोलायला तोच त्रास होतो. मेश घेतलात तरी त्याचे डबे केबलनेच जोडा.

चॅनल, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्यातली एक लेन, बदलायचं काम फुकट आहे आणि टॉवरमध्ये त्याने खरंच फरक पडतो. तुमच्या हॉलमध्ये उभं राहून मोबाइलवर वाय-फायची यादी उघडा, वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरांची नावं एकाखाली एक येतील. एका चॅनलवरच्या सगळ्यांना आळीपाळीने बोलावं लागतं, सकाळी सोसायटीच्या एकाच नळावर बादल्या लागाव्यात तसं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यांतलं सगळ्यात मोकळं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. कारखान्यातून ती कधी कधी ‘ऑटो’ किंवा ४० वर येते. गर्दीत ४० ठेवणं म्हणजे अर्ध्याहून जास्त रस्ता आपणच अडवणं, आणि त्यात आपलाही फायदा नाही. शेजाऱ्याने ३ किंवा ४ निवडलेलं दिसलं तर त्यालाही नीट समजावून सांगा. तो १ आणि ६ दोन्हींच्या वाटेत येतो.

मुलीचा टॅब मात्र ५ गिगाहर्ट्झवरच ठेवा. भारतात २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, त्यामुळे इथे जागा भरपूर आहे, आणि ज्या भिंतींना आपण नावं ठेवली त्याच शेजाऱ्यांचा सिग्नल बाहेर थोपवतात. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचं घ्या, रुंदी ८० आणि फारच गर्दी असेल तर ४०. मधली ५२ ते १४४ ही चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. त्यांवर राउटर आधी मिनिटभर कान देऊन ऐकतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडून पळतो. आपल्या अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, २०२२ पासून चालू. ते सी-बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यातलं आहे आणि सी-बँडची हवामान रडारं याच पट्ट्याच्या आसपास चालतात. मुंबईत, आणि त्यातही उंच मजल्यावर, वाय-फाय अधूनमधून मिनिटभर गायब होऊन परत येत असेल तर मी पहिल्यांदा हेच तपासतो.

सुरक्षेचं मात्र उद्यावर टाकू नका. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. त्या घरातल्या कुणी तो पाठवला नव्हता, त्यांचं वाय-फाय दुसऱ्यानेच वापरलं होतं. पण दार वाजलं ते त्यांचं. तेव्हापासून मी एकही घर उघड्या वाय-फायवर सोडून आलेलो नाही. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडायची सोय म्हणून ते दिलेलं असतं, पण त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे तो जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर, मुलीचं नाव किंवा फ्लॅट नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, ‘खलबत्ता-पागोळी’ असे. आजीलाही पाठ होतील आणि कुणाला अंदाज येणार नाही. ज्या पासवर्डने राउटरच्या आतली सेटिंग उघडतात तो वेगळा असतो, तोही बदला. ‘ॲडमिन-ॲडमिन’ ठेवून बाकी सगळं कडेकोट केलंत तर काही उपयोग नाही. वाय-फायच्या नावात मजला किंवा आडनाव घालू नका. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा आणि टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट प्लग यांनाही तिथेच बसवा. अशा स्वस्त उपकरणांना अपडेट क्वचितच येतात. मोबाइलवरून टीव्हीवर काही दाखवायचं असेल तर तेवढा टीव्ही मुख्य नेटवर्कवर घ्या.

पावसाळ्याचं एक. गच्चीवरून या इमारतीतून त्या इमारतीत तांब्याची लॅन केबल ओढलेली असते तिथे विजा कडाडल्या की पोर्ट जळतात. जून-जुलैत मी बदलून दिलेले किती राउटर असे गेलेत. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, म्हणून सोसायटीत फायबर आणि लॅन अशी निवड असेल तर फायबरच घ्या. वीज जाण्यासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. लोक तो फक्त राउटरला लावतात आणि ओएनटी विसरतात, दोन्हींना लावा. इमारतीच्या डक्टमधला फायबरचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो, त्यामुळे लिफ्ट बंद पडली तरी मुलीचा क्लास सहसा चालू राहील.

या शनिवारी एवढं करा. कुणाचा तरी लॅपटॉप आणा, ओएनटीला केबलने जोडून स्पीड मोजा. मग मोबाइल घेऊन कपाटाचं दार उघडं ठेवून त्याच्यासमोर ५ गिगाहर्ट्झवर मोजा. मग मुलीच्या टेबलावर, बेडरूमचं दार लावून. हे तीन आकडे, ओएनटी आणि जुन्या राउटरच्या तळाच्या पट्टीचा फोटो, आणि टेलिफोनचे पॉइंट कुठे आहेत त्याचं कागदावर काढलेलं घराचं चित्र मला पाठवा. फोटोतला पासवर्ड आणि सिरीयल नंबर तेवढा झाकून. पहिलाच आकडा २०० च्या जवळ नसेल, तर घरात काहीही विकत आणू नका. तक्रार जोडणी देणाऱ्याकडे करा आणि ओएनटीवर येणारी प्रकाशाची ताकद मोजायला लावा. ती वजा २७ डीबीएमच्या (हे ताकद मोजायचं एकक) खाली गेली असेल तर दोष बहुधा तुमच्या दाराबाहेर आहे.